मोठ्या गड्याचा गुडघा

ऑरिन पेल्कीला कुणी जुगारी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. फाशांच्या टेबलाला चिकटून मुठीत फुंकर मारणारे ते जुगारी. आपण माहिती काढतो आणि माहितीचे पैसे घेतो, असं तो म्हणायचा. लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर असं म्हणणारे निदान दोनशे लोक होते. फरक एवढाच, की ऑरिनला खरंच माहिती काढता यायची.

उत्तरेत एका मोठ्या सरोवराच्या काठी जे शहर आहे, तिथं त्यानं विमा कंपनीत एकतीस वर्षं काढली होती. शहराचं नाव सांगत नाही, या गोष्टीतली माणसं तिथं अजून राहतात. त्याचं काम अपघाताचे दावे तपासायचं. गळ्याला पट्टा बांधून आलेला माणूस खरंच मान मोडून आलाय की वकिलाच्या घरून, हे तो माणूस दारातून आत येतानाच ओळखायचा. त्यासाठी तो लोकांच्या घरांसमोर गाडीत बसून राहायचा, शेजारणींना बोलतं करायचा, कचऱ्याच्या डब्यातल्या औषधांच्या बाटल्या वाचायचा. कंपनीनं त्याला दोनदा घड्याळ बक्षीस दिलं. बायको सोडून गेली तेव्हा म्हणाली, "ऑरिन, तुझ्याशी साधं हवापाण्याचं बोलले तरी वाटतं, माझ्यावर केस आहे." ऑरिनला यातही थोडं कौतुकच दिसलं.

निवृत्त झाल्यावर तो वेगासला आला, एका हॉटेलात आठवड्याच्या भाड्याची खोली घेतली आणि बास्केटबॉलच्या मागे लागला. एकुलत्या एक मुलीच्या, मार्लिसच्या, लग्नालाही गेला नाही, कारण तिनं लग्न मे महिन्यात ठेवलं होतं आणि मे महिन्यात बाद फेरीचे सामने असतात. तारीख तिनं मुद्दाम काढली, असं तो बरेच दिवस धरून होता.

बास्केटबॉलवर पैसे लावायचे म्हणजे कोण जिंकणार हे सांगायचं नसतं. ते शेंबडं पोरही सांगेल. किती गुणांनी जिंकणार, हे सांगायचं असतं. सट्ट्याच्या दुकानात सकाळी फळ्यावर आकडा लागतो. एखादा मोहरा आज खेळणार नाही, हे फळा लिहिणाऱ्याच्या आधी तुम्हाला कळलं, तर फळ्यावरचा आकडा चुकीचा आणि तुम्ही बरोबर. मग त्यालाही कळतं, आकडा बदलतो आणि खेळ संपतो. हे अंतर कधी दोन तासांचं असतं, कधी वीस मिनिटांचं. ऑरिन त्या वीस मिनिटांवर जगत होता.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. संघवाले दुखापती लपवायचे. पण प्रत्येक गावचा बातमीदार रोज सराव बघायला जातो, आणि आतल्या पानावर चौथ्या परिच्छेदात सहज लिहून जातो, की अमका आज मांडीला बर्फ बांधून बसला होता. ती गावोगावची वर्तमानपत्रं वेगासला टपालानं यायची तेव्हा शिळी झालेली असायची. विमानातून मात्र त्याच दिवशी यायची, प्रवाशांनी वाचून पुढच्या खुर्चीच्या खिशात कोंबलेली. विमानं साफ करणाऱ्या अर्लीन टब्जला गाठून ऑरिननं तिच्याशी ठरवून टाकलं होतं. ती पाळी संपवून बाहेर यायची, ती पिशवीभर कागद घेऊनच.

अर्लीन मूळची लुइझियानाची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "मिस्टर पेल्की, आज मिळालेत बघा तीन लंगडे आणि एक तापानं फणफणलेला," असं म्हणत ती पिशवी द्यायची. "चर्चमध्ये लोक बरं वाटावं म्हणून प्रार्थना करतात. तुम्ही काय करता हो?"

"मी फक्त वाचतो," ऑरिन म्हणायचा.

एकदा ती म्हणाली, "तुमची लेक त्या सरोवरवाल्या गावात आहे ना? जावई त्याच संघात आहे म्हणालात. मग इथं माझी वाट बघत कशाला उभे राहता? फोन करून विचारा की तिला. कशी आहे, काय आहे."

ऑरिनच्या कानात शेवटचं वाक्य शिरलंच नाही. जावई संघात आहे, हे त्याला नाताळच्या कार्डावरून कळलं होतं. ड्वेन तिथं सहायक ट्रेनर होता, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या गुंडाळायचा, गुडघे शेकायचा. कार्ड आलं तेव्हा ऑरिननं ते खिडकीत उभं केलं आणि विसरून गेला. आता त्याला स्वतःच्याच अकलेची कीव आली. विमानांतली रद्दी उपसत बसलो आणि खाण घरातच होती!

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं मुलीला फोन केला. मार्लिस म्हणाली, "डॅड? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. सहज केला."

तिकडे तिनं नाक ओढल्याचं त्याला ऐकू आलं.

त्यानंतर दोन हिवाळे, सामना असेल त्या दिवशी सकाळी दहाला, हॉटेलच्या खालच्या फोनवरून त्याचा फोन ठरलेला. सरळ प्रश्न त्यानं एकदाही विचारला नाही. सरळ विचारल्यावर लोक विचार करून उत्तर देतात, हे त्याला एकतीस वर्षांत कळलं होतं. तो विचारायचा, "ड्वेन काल किती वाजता आला घरी?" उशिरा आला असेल तर कुणाला तरी सराव संपल्यावर बराच वेळ शेकत बसला होता. "गाडी घेऊन गेलाय का?" घेऊन गेला असेल तर कुणाला तरी हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. "जेवला नीट?" जेवला नसेल तर दुखणं मोठं आहे. या तीन प्रश्नांवर ऑरिननं जेवढं कमावलं तेवढं दहा गावच्या वर्तमानपत्रांवर कमावलं नव्हतं. दुकानात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा गस बेद्रोसियन, बायको गेल्यापासून फ्रेस्नोहून येऊन राहिलेला, त्याला म्हणायचा, "म्हाताऱ्या, तुला कुणीतरी आतलं सांगतंय." ऑरिन गालात हसायचा.

मार्लिसचा आवाज दिवसेंदिवस मोकळा होत गेला. ती छपराच्या गळतीचं सांगायची, शेजारच्या कुत्र्याचं सांगायची, मुलाचं सांगायची. मुलगा कर्टिस, सहा वर्षांचा. त्याचा दात पडला, त्यानं बर्फात किल्ला केला, तो आजोबांचा फोटो मागतो. या वेळी ऑरिनची पेन्सिल कागदावर नुसती टेकलेली असायची. लिहिण्यासारखं काही नसायचं.

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. बास्केटबॉलच्या धंद्यात संघातल्या सगळ्यात उंच खेळाडूला, जो टोपलीखाली पहाडासारखा उभा राहतो त्याला, मोठा गडी म्हणतात. सरोवरवाल्यांचा मोठा गडी लॅव्हेल टिब्ज. तो नसला की संघाचं कंबरडं मोडायचं. आणि ज्या घरात दहा पौंडांचं पोर जन्माला येतं, त्या घरातही त्याला मोठा गडी म्हणतात. मार्लिसच्या घरी कर्टिस जन्मल्या दिवसापासून मोठा गडी होता. ती फोनवर बापाशी बोलताना त्याचं नाव घ्यायची, कारण बापाला निदान नाव तरी पाठ व्हावं असं तिला वाटत होतं. घाबरलेलं माणूस मात्र घरातलंच नाव घेतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहाला ऑरिननं फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"डॅड, मोठ्या गड्याचा गुडघा गेलाय," मार्लिस म्हणाली. ती धापा टाकत होती. "रात्रीपासून सुजलाय, पाय टेकवत नाही. ताप एकशे तीन. सांध्यात पू झालाय म्हणतात. ड्वेन तिथंच बसलाय हॉस्पिटलात, मी कपडे न्यायला आले."

ऑरिननं पेन्सिल उचलली. "कुठला गुडघा?"

"डावा."

"कापणार?"

"दुपारी. आणखी उशीर केला तर सांधा कायमचा खराब होईल म्हणाले. डॅड, मला काही सुचत नाहीये. तुम्ही याल का? आज निघाल?"

"पेपरवाल्यांना कळलंय?"

"कुणाला?"

"काही नाही. संघाला माहीत आहे ना?"

"ड्वेननं सांगितलंय, आज येणार नाही म्हणून. डॅड, तुम्ही याल का?"

"हो हो, बघतो. दहा मिनिटांत फोन करतो. फोनजवळच थांब."

आणि त्यानं फोन ठेवला. 'याल का' हे त्यानं ऐकलं होतं. मुलगी घाबरली आहे, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. ट्रेनरची बायको खेळाडूच्या गुडघ्यासाठी एवढी का रडवेली व्हावी, हा प्रश्न मात्र दावे तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाला पडला नाही. एकशे तीन ताप आणि सांध्यात पू म्हणजे महिनाभर तरी नाही, एवढाच हिशोब त्याच्या डोक्यात बसला.

फळ्यावर सरोवरवाले सहा गुणांनी जड होते, म्हणजे ते सहा गुणांनी जिंकतील असा दुकानाचा अंदाज. टिब्ज नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं; कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ऑरिननं समोरच्या संघावर पैसे लावले. मग शेजारच्या दुकानात गेला, मग त्याच्या पलीकडच्या, अशी पाच दुकानं केली. एकाच ठिकाणी सगळे लावले तर लोकांचे कान टवकारतात. पाचही दुकानांत आकडा तोच होता. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. अख्ख्या गावात ही गोष्ट आपल्या एकट्याला माहीत आहे, या विचारानं त्याचे पाय हलके झाले होते. फोन करायचं त्याला आठवलं तेव्हा बारा वाजून गेले होते. फोन कुणी उचलला नाही. गेली असेल हॉस्पिटलात, असं म्हणून त्यानं सूप आणि पाव मागवला.

संध्याकाळी साडेपाचला दुकानातल्या टीव्हीवर सामना लागला. सरोवरवाल्यांचे पाच जण मैदानावर आले आणि पाचवा लॅव्हेल टिब्ज होता. दोन्ही पायांवर. चेंडू वर उडाला, टिब्ज त्याच्याबरोबर उडाला आणि खाली आला तो डाव्या पायावर. ऑरिन पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. अंगावर धावत जाताना, वळताना, थांबताना तो त्या डाव्या गुडघ्याकडे बघत राहिला. हजारो गुडघे बघितलेला माणूस तो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

त्याच्या मनात पहिली गोष्ट कोणती आली? मार्लिसनं आपल्याला फसवलं. हेच आलं, आणि त्याला तिचा संताप आला. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. माणूस तसाच होता.

"पोरीनं मला खोटी बातमी दिली," तो खुर्चीत बसत म्हणाला.

गसनं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझी आतली माणसं म्हणजे तुझी मुलगी? बरं. काय म्हणाली ती? तिचे शब्द सांग."

"मोठ्या गड्याचा गुडघा गेलाय म्हणाली. डावा."

"ती टिब्जला मोठा गडी म्हणते?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे आपण, ऑरिन. बायका कशाला म्हणतील? माझी सून तिच्या पोराला म्हणते." मग जरा हळू म्हणाला, "तुला नातू आहे ना?"

ऑरिन खुर्चीतून उठला. सरोवरवाल्यांनी त्या वेळी एक चेंडू टोपलीत टाकला आणि दुकानातले अर्धे लोक ओरडले. ते शेवटी एकोणीस गुणांनी जिंकले, पण ऑरिन तोवर फोनपाशी होता.

घरी कुणी उचलत नव्हतं. मग त्यानं त्या शहरातल्या इस्पितळांचे नंबर काढले. हे त्याला यायचं. पण ड्वेनचं आडनाव त्याला आठवेना, म्हणून तो नुसतं कर्टिस म्हणत राहिला. चौथ्या ठिकाणी बाई म्हणाली, "कर्टिस? हो, या नावाचे दोन पेशंट आहेत. तुमचं नातं काय?"

"आजोबा."

"जन्मतारीख सांगा पेशंटची."

ऑरिनला लॅव्हेल टिब्जची जन्मतारीख पाठ होती. त्याच्या बुटाचं मापही पाठ होतं. तो म्हणाला, "सहा वर्षांचा आहे."

"दोन्ही लहानच आहेत, सर. तारीख सांगा."

त्यानं फोन ठेवला. विमानानं जावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण कुठल्या इस्पितळात हे नक्की नाही, जाऊन कुणाला काय म्हणायचं हे ठाऊक नाही. तो बुधवारी दिवसभर फोनजवळ बसला. हॉटेलच्या कारकुनानं दोनदा विचारलं, कुणाचा फोन यायचाय का. नाही, म्हणाला, मलाच करायचाय.

गुरुवारी सकाळी दहाला मार्लिसनं फोन उचलला.

"मार्लिस, कर्टिस..."

"तिकडे दहा वाजले वाटतं," ती म्हणाली. आवाज शांत होता. "आज सामना आहे का?"

"मला कळलं नाही गं. मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला कळलं. त्याच दिवशी कळलं, जरा उशिरा. तुम्ही फोनजवळ थांब म्हणालात. मी पाऊण तास थांबले. म्हटलं, विमान बघत असतील. मी पोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं. नेताना तो मला हाका मारत होता, असं ड्वेन म्हणाला."

ऑरिननं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ती थांबली नाही.

"डॅड, मी काही बावळट नाही. तुमच्याच घरात वाढले मी. ड्वेन किती वाजता आला, हे तुम्ही दोन वर्षं विचारताय. ड्वेन कसा आहे, हे एकदा विचारलं नाहीत. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं तुम्ही फोन कशाला करता ते."

"मग सांगत का होतीस?"

"का म्हणजे? निदान तेवढ्यासाठी तरी फोन यायचा." मग ती म्हणाली, "बाहेर कळलं असतं तर ड्वेनला हाकलला असता. मी नवऱ्याच्या नोकरीवर पाणी सोडायला तयार होते, तुम्ही आठवड्यातून तीनदा माझ्याशी पाच मिनिटं बोलावं म्हणून. आता पुरे. हे शेवटचं. लिहून घ्या."

"मला नकोय ते. मार्लिस, ऐक तर..."

"टिब्जचा उजवा खांदा. काल सरावात पडला. शनिवारी खेळणार नाही, संघ शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगणार नाही."

हे बोलून ती थांबली नाही. त्याच शांत आवाजात, एका दमात, ती पुढं दोन-तीन वाक्यं बोलली. कर्टिसचं नाव त्यात होतं, डॉक्टर हा शब्द होता. मग तिकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

"शेवटचं काय म्हणालीस?" ऑरिन म्हणाला. "मार्लिस? ते शेवटचं परत सांग."

फोन मुका होता. त्यानं खाली पाहिलं. पेन्सिल हातात होती आणि कागदावर त्याच्याच नीटस अक्षरात लिहिलेलं होतं: टिब्ज, उजवा खांदा, शनि नाही, संध्याकाळपर्यंत गुप्त. एवढंच होतं. ती कर्टिसबद्दल बोलत होती तेव्हा तो 'गुप्त' लिहीत होता.

त्यानं डोळे मिटून ते वाक्य आठवायचा प्रयत्न केला. 'चालेल' असा काहीसा शब्द आला होता असं त्याला वाटलं. तो 'चालेल' होता की 'चालणार नाही' होता, हे काही केल्या आठवेना. लोकांच्या बोलण्यातला एकेक शब्द वर्षांनंतर कोर्टात सांगणारा माणूस, पण चार मिनिटांपूर्वीचं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. त्यानं परत फोन लावला. घंटा वाजत राहिली. शुक्रवारी लावला तेव्हा यंत्रातल्या बाईनं सांगितलं की हा नंबर आता चालू नाही.

शनिवारी सकाळी तो दाढी करून दुकानात गेला. गसनं बसायला जागा केली आणि विचारलं, "पोराचं काय कळलं?" ऑरिन म्हणाला, "अजून नाही." फळ्यावर सरोवरवाले साडेचार गुणांनी जड होते; आकडा लिहिणाऱ्याला खांद्याचं माहीत नव्हतं, ते गावात फक्त एकालाच माहीत होतं. ऑरिन थोडा वेळ फळ्याकडे बघत बसला. मग उठून खिडकीपाशी गेला आणि पैसे लावले.